काचेच्या पेटीतलं इंजिन

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या मशिनांच्या प्रदर्शनाच्या हॉलमध्ये शिरलो आणि स्वतःचा स्टॉल शोधायचा सोडून मी एका काचेच्या पेटीपुढं जाऊन उभा राहिलो. आत वाफेचं इंजिन होतं. दीड हात लांब, गडद हिरवं, कडेनं लाल रेघ. जुन्या काळी रुळावर धावणाऱ्या इंजिनाची हुबेहूब लहान प्रतिकृती. सहा मोठी चाकं, त्यांना जोडणारे चकचकीत दांडे, पितळी शिट्टी, आणि कोळसा टाकायचं नखाएवढं दार, तेही बिजागरीवर उघडणारं. पेटीला टेकवून एक कार्ड ठेवलं होतं : ‘वाफेच्या इंजिनाची प्रतिकृती. इंग्लंडहून आयात.’

माझं डोकं तिथंच तापलं. ते इंजिन मी केलं होतं.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात टर्नर होतो, लेथवर लोखंड कातणारा. चंदगडहून एसटीनं आलेला, अंगावर एक शर्ट आणि वळकटीत एक. कारखान्यात मला कुणी नावानं हाक मारायचं नाही. ‘ए चंदगड!’ म्हटलं की मी. मालक मशिनं बघायला इंग्लंडला गेले आणि येताना एक लाकडी खोकं घेऊन आले. त्यात नकाशे होते, तयार बॉयलर होता आणि बिडाचे ओबडधोबड तुकडे. ह्या तुकड्यांतून चाकं, सिलिंडर सगळं घडवायचं होतं. मालकांनी खोकं माझ्या लेथशेजारी ठेवलं आणि म्हणाले, “बघ रं, जमतंय का.”

जमवलं. दोन पावसाळे गेले. पाळी संपल्यावर मी थांबायचो. नकाशे इंचात होते, त्यांचे मिलिमीटर करत बसायचो. चाकांचे आरे कानसून कानसून माझ्या बोटांची कातडी गेली. दांडे मी एका मोडक्या ट्रकच्या ॲक्सलमधून काढले, कारण तसलं पोलाद विकत आणून देतंय कोण? पितळी शिट्टी तीनदा बिघडली, चौथ्यांदा वाजली. ह्या कामाचा मला वेगळा पगार नव्हता, आणि मी मागितलाही नाही. भाव केल्याशिवाय केलेलं माझ्या आयुष्यातलं ते एकमेव काम.

जोडणी झाली त्याच आठवड्यात पुण्याहून एक मोठं गिऱ्हाईक आलं. मी केबिनमध्ये ड्रॉइंग द्यायला गेलो होतो. पाहुण्यांनी टेबलावरचं इंजिन हातानं कुरवाळलं आणि विचारलं, “हे इथं केलंत?”

मालक हसले. “इथं? छे हो! इथल्या हाताचं काम न्हाय ते. तिकडनं आणलंय.”

मी दारात उभा होतो. मालकांनी मला बघितलंही होतं. मी म्हणालो, “मालक, खोटं कशाला बोलताय?”

त्यानंतर काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. ॲप्रन तिथंच टाकला आणि बाहेर पडलो. भाड्याच्या शेडमध्ये एक जुनी लेथ टाकली, एकाच्या दोन केल्या, दोनाच्या आठ. आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझं स्वतःचं युनिट आहे. पण एवढं सगळं झालं तरी ते ‘इथल्या हाताचं काम न्हाय’ माझ्या छातीत कुसळासारखं होतं. सणासुदीला, लग्नात, कुठंही आठवायचं आणि जेवण कडू व्हायचं. बायको म्हणायची, सोडा आता. सुटत नव्हतं.

आणि आता ते कार्ड.

प्रदर्शनाचा पहिलाच दिवस होता. मालकांच्या मुलानं माइकवरून जाहीर केलं की चार वाजता इंजिन वाफेऐवजी कॉम्प्रेसरच्या हवेवर चालवून दाखवणार. मालक पुढच्या खुर्चीत बसले होते. ऐंशीच्या आसपासचे, काठी हातात, पण मिशी तशीच ताठ. गर्दी जमली. गर्दी म्हणजे कोण? फाउंड्रीवाले, टर्नर, फिटर, पॅटर्नवाले. कोल्हापुरात मशिन चालणार म्हटल्यावर चहा अर्धा टाकून येणारी माणसं. मी मागं खांबाला टेकून, हाताची घडी घालून उभा राहिलो.

पोरानं काच काढली, चाकं अधांतरी राहतील असं इंजिन ठोकळ्यावर ठेवलं आणि हवा सोडली. चाकं अर्धा फेरा फिरली, परत मागं आली आणि थांबली. पुन्हा हवा सोडली. पुन्हा तेच.

“पेट्रोल संपलं जणू!” कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

खरं सांगतो, मला आनंद झाला. कारण ते का अडलंय हे त्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं.

आमच्याकडं नवीन मशिन जोडलं की सगळं आवळायचं, पण एक स्क्रू सैल ठेवायचा. मालकानं नारळ फोडायचा, मग मिस्त्रीनं तो शेवटचा स्क्रू आवळायचा आणि मगच मशिन चालू करायचं. इंजिनाच्या बाबतीत मी सैल ठेवला होता तो आसावरच्या एका चकतीचा स्क्रू. ती चकती हवा आत घेणारी झडप मागंपुढं करते. चकती आसावर घसरली की झडप वेळेवर हलत नाही आणि इंजिन अडतं. नारळ फोडायच्या आधीच मी ॲप्रन फेकून गेलो होतो. मालकांनी इंजिन काचेत ठेवलं ते ठेवलंच. कधी चालवलंच नाही, तर कळणार कुठून?

पोरगा वाकून बघत होता. शेवटी त्याला एक सैल स्क्रू दिसला. खोक्यातून स्क्रू आवळायच्या इंग्लंडच्या छोट्या चाव्या आल्या होत्या, त्या त्यानं मखमलीच्या डबीत जपून ठेवल्या होत्या. एक लावली, बसेना. दुसरी लावली, सैल पडली. तिसरीही तेच.

आता मला राहवेना. “त्या लागणार न्हाईत,” मी मागूनच म्हणालो. “त्या इंचातल्या हाईत. स्क्रू मिलिमीटरचा हाय.”

पुढच्या रांगेतला एक म्हातारा फिटर चष्मा सावरत उठला, पेटीपाशी जाऊन वाकला, बघितलं आणि मालकांकडं वळला. “मालक, इंग्लंडात त्या काळी असल्या इंजिनाला मिलिमीटरचा स्क्रू? हा तर आपल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारातला दिसतोय की!”

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. स्क्रू इथला म्हणजे इंजिन इथलं, हे त्या माणसांना आणखी समजावून सांगायची गरज नव्हती.

मालकांनी मान वळवली. मला बघून डोळे बारीक केले. “कोण? चंदगड का रं?”

“व्हय, मालक.” तोंडातून ‘मालक’ निघून गेलं आणि माझा मलाच राग आला.

पोरगा घाईघाईनं पुढं आला. “काका, तुम्हाला जमतंय का बघा की. काय लागंल ते देतो.”

“मला द्यायला तुझ्याकडं काय न्हाय. ज्याच्याकडं हाय ते खुर्चीत बसल्यात. हे इंजिन कुणी केलं ते त्यांनी माइकवर सांगायचं. मग मी हात लावतो.”

मालकांनी माइक घेतला. खाकरले. “ह्या इंजिनाच्या कामात ह्यानं थोडी मदत केली होती.”

“मदत?” मी परत खांबाला टेकलो. “चालू द्या तुमचं.”

“बरं बाबा. फिटिंग ह्याचं हाय.”

“फिटिंग? आणि चाकं काय झाडाला लागली होती?”

लोक हसले. मालकांचे कान लाल झाले. “तुझा आवाज अजून तसाच हाय बघ.”

“तुमचं माप पण तसंच हाय. चार मापून दोन लिहिताय.”

“अहो सांगून टाका की!” मागून कुणीतरी म्हणालं. “इंजिन बघायला आलोय, भांडण न्हाय!”

मालक काठी टेकून उभे राहिले. “लेथ माझी होती,” ते माझ्याकडं बघत म्हणाले.

“कबूल. बॉयलर तिकडनं तयार आला होता, ते पण कबूल. मी खोटं बोलत न्हाय. बाकीचं?”

“बाकीचं,” मालकांनी माइक तोंडाजवळ नेला, “चाकं, सिलिंडर, दांडे, शिट्टी, सगळं ह्यानं केलंय. दोन वर्षं खपून. मी पाहुण्यांना सांगितलं तिकडचं हाय. चुकीचं सांगितलं.”

एवढंच. पण ते बोलताना त्यांनी माझ्यावरची नजर काढली नाही, आणि आवाजही खाली आणला नाही. मी खांब सोडून पुढं आलो.

“नारळ आणा,” मी म्हणालो.

पोरगा म्हणाला, “आता नारळ कशाला?”

त्याचा बापच खेकसला, “त्याशिवाय स्क्रू आवळत न्हाईत, गाढवा! पळ.”

कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळ आला. मालकांनी तो फोडायला घेतला. पहिल्या फटक्याला फुटला नाही, दुसऱ्याला फुटला. पाणी इंजिनाच्या चाकांवर शिंपडलं. मी शेजारच्या स्टॉलवरून एक मिलिमीटरची चावी मागून घेतली, गुडघ्यावर बसलो, चकती जागेवर फिरवली आणि स्क्रू आवळला. तो चावीत असा बसला, जणू कालच मी तो सोडून चहाला गेलो होतो.

“सोड हवा.”

चाकं हलली. एक फेरा, दोन. दांडे वर-खाली, वर-खाली, मग इतके भराभर की वेगळे दिसेनात. फिटर लोक टाळ्या वाजवत नाहीत, ते वाकून आवाज ऐकतात. तो म्हातारा फिटर कान लावून उभा होता. “कुठंच घासत न्हाय,” तो म्हणाला. त्यावर मग टाळ्या पडल्या.

उशिरा आलेला कुणीतरी मागून गर्दी सारत विचारत होता, “कुणाचं काम हो हे? बाहेरचं काय?”

मी तोंड उघडणार, त्याच्या आधी मालक मोठ्यानं म्हणाले, “बाहेरचं कशाला? आमच्या चंदगडनं केलंय!”

त्या ‘आमच्या’वर घासाघीस करता आली असती. मी माझ्या आयुष्यात त्यापेक्षा लहान गोष्टींवर तासतास भांडलोय. पण इंजिन चालू होतं, आणि आवाज इतका छान लागला होता, की मी वाकून हवा थोडी आणखी वाढवली.