काचेवरच्या जादा रेघा

दशरथभाऊंच्या घरून शेवंतावहिनींचा फोन आला तेव्हा मी आलेल्या मालाची मोजणी करत होते. "ताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. मी "निघते" म्हणाले, उरलेले खोके मोजून घेतले, सही केली आणि मग खाली बसले. शहापूरहून मुरबाडला मी कितीतरी वर्षं नोकरीला जाते. दशरथभाऊ आजारी पडेपर्यंत त्यातला एकही दिवस त्यांना हाक मारल्याशिवाय सुरू झाला नव्हता.

दशरथभाऊ धसईचे. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात चाचणीची खोली त्यांच्याकडे होती. विमानात वापरायचे हलके पत्रे, दोन पत्र्यांमध्ये जाळी चिकटवलेले, आमच्याकडे तपासायला येतात. चिकटवण कुठे सुटली आहे ते वरून दिसत नाही. म्हणून अंधाऱ्या खोलीत लेझरच्या उजेडात, फोटोच्या फिल्मसारखा लेप दिलेल्या एकाच काचेवर दोनदा होलोग्राम घ्यायचा, एकदा पत्रा थंड असताना आणि एकदा जरासा तापवून. पत्रा केसाच्या जाडीहूनही कमी फुगला तरी काचेवर काळ्या रेघा उमटतात. रेघा सरळ गेल्या तर माल चांगला, कुठे डोळ्यासारख्या गोल फिरल्या तर तिथे सुटलेलं आहे. अडचण एकच, पत्र्याव्यतिरिक्त काहीही हललं तर तेही उमटतं. त्यामुळे काच उघडी असेपर्यंत खोलीतल्यांनी श्वास धरायचा, असा दशरथभाऊंचा नियम होता. एकदा मोठे साहेब मध्येच बोलले, तर त्यांनाही म्हणाले, "साहेब, तुमचं बोलणं काचेवर आलं बघा. आता परत घ्याया लागंल."

दोन वर्षांपूर्वी काचा बिघडायला लागल्या. चांगल्या पत्र्यांवरही जादा रेघा येऊ लागल्या, वाकड्यातिकड्या, एकीवर एक. चाचणी बाहेरून करून घ्यावी आणि ही खोली बंद करावी, असं वर बोललं जाऊ लागलं. दशरथभाऊंना निवृत्तीपर्यंत त्या खोलीतच राहायचं होतं, दुसरं काही नको होतं. मग आम्ही बिघाड शोधायला लागलो. त्यांना संशय शेजारच्या कारखान्यातल्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेसचा. मी शेजाऱ्यांशी बोलून आमच्या कामाच्या वेळेत त्यांची जेवणाची सुट्टी ठेवून घेतली. मग रस्त्यावरच्या ट्रकांचा संशय. हादरे बसू नयेत म्हणून दगडी टेबलाखाली घातलेल्या स्कूटरच्या ट्यूब बदलल्या. बोअरचा पंप बंद ठेवला, पंख्याची जागा हलवली. एकेक कारण मी खोडत गेले, रेघा तशाच. त्यांचा खोकला या सगळ्या काळात चालूच होता. "मसाल्याचा हाय, जाईल," म्हणायचे. खोलीबाहेर येऊन भिंतीला हात टेकून खोकायचे आणि तोंड पुसून परत आत जायचे…

शेवटी त्यांची सहकारी सुनीता माझ्याकडे आली. ती म्हसा गावची, त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. म्हणाली, "मॅडम, काका आत खोकला दाबून धरतात. सगळं अंग हलतं त्यांचं, आन् गरम श्वास थेट काचेसमोर. मी कशी सांगू त्यांना?"

मीच गेले. म्हटलं, "दशरथभाऊ, आजची काच सुनीता एकटी घेईल."

"मला भायेर काढता का ताई?"

"एका काचेपुरतं."

ते दाराबाहेर स्टुलावर बसले, तोंडावर रुमाल धरून. सुनीता धुतलेली काच घेऊन आली, ती त्यांनी आत जाऊन लेझरसमोर तिरकी धरून पाहिली. एकही रेघ जादा नव्हती.

"टेबल बरोबर हाय," ते म्हणाले. "प्रेस बी बरोबर. उगा शेजारच्यांना लवकर जेवाय पाठवला आपन." मग काच सुनीताच्या हातात देत म्हणाले, "खोली ऱ्हायली गो पोरी. आता माझी टेस्टिंग कराया घ्या."

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना कल्याणला नेलं. फुप्फुसं कडक होत जाण्याचा आजार निघाला. वर्षभर आधी आला असतात तर रोखून धरता आला असता, असं डॉक्टर म्हणाले.

नंतर दवाखान्याच्या वाऱ्या. शेवटच्या खेपेला मी गेले तेव्हा वहिनी औषधाचे नवे डबे घेऊन आल्या होत्या. नाकाला ऑक्सिजनची नळी असताना दशरथभाऊंनी एक डबा मागून घेतला आणि त्यावरचा चकचकीत शिक्का खिडकीकडे कलता केला. निळा, हिरवा, परत निळा. "ह्यो बी होलोग्रामच," ते थांबत थांबत म्हणाले. "नकली असंल तर रंग असा फिरत नाय. शिक्का खरा हाय गो."

"खरा असून काय करू?" वहिनी म्हणाल्या. "तुमी उठा."

गेल्या आठवड्यात धसईला गेले होते. न फोडलेले डबे वहिनींनी माझ्या पिशवीत घातले. "दुकानवाला घेतो का बघा ताई. कुनाच्या तरी कामी येतील." येताना मुरबाडला औषधाच्या दुकानात थांबले. दुकानदाराने एकेक डबा ट्यूबलाइटखाली कलता करून शिक्का पाहिला आणि म्हणाला, "ओरिजिनल आहेत. घेतो." त्याने ते मागच्या फळीवर लावून टाकले. काम झालं होतं. तरी मी काउंटरशी उभीच होते…

"ताई, झालं ना तुमचं?" मागच्या माणसाने विचारलं.

"झालं," मी म्हणाले आणि त्याला जागा करून दिली.