पाणी निवतंय

बायको गेली की पुरुष देवाला तरी लागतात, नाहीतर शेअरबाजाराला. अमेरिकेतल्या आमच्या हर्नडन गावच्या एकनाथरावांनी बॅन्जो आणला. गोल, चामडं ताणलेला. त्याची एक आखूड तार तंबोऱ्यासारखी एकाच सुरात बोलत राहते. मुलगा-सून ऑफिसात, नातू इंग्रजीत. घरात बोलायला ती तार तेवढी.

२००४ साली ते लायब्ररीतल्या शनिवारच्या बैठकीला जाऊ लागले. अ‍ॅपलेशियन डोंगरांतली मूळची म्हातारी माणसं तिथे जमून गात. त्या गाण्यांची रीत अशी, की चाल एका गाण्याची, कडवं दुसऱ्याचं. ज्याला जे आठवेल ते त्याने घालावं. एकनाथरावांनीही एका खाणकामगाराच्या विरहगीतात आपलं कडवं घातलं. त्यांची बायको सुचित्रा रोज संध्याकाळी आंघोळीसाठी हाक मारायची, ‘‘अहो, पाणी निवतंय, या आता.’’ तेच, इंग्रजीत. कुठून आणलं ते कुणाला सांगितलं नाही.

पुढे विल्मा नावाच्या बाईने ते कडवं उचललं आणि डुक्कर पळाल्याच्या गाण्यात घातलं. सगळे खो खो हसले. एकनाथराव उठून घरी आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. वर्षभर बेसमेंटमध्ये एकटेच वाजवत बसले.

शेवटी शेजारीण म्हणून मीच खाली उतरले.

‘‘तुमच्या आई जात्यावर शेजारणीची ओवी म्हणताना परवानगी काढायच्या का हो?’’

‘‘वहिनी, ती हाक होती. तिची.’’

‘‘होती ना? मग तिला इथे कशाला कोंडलीत? ऐकतंय कोण, हीटर?’’

हसले नाहीत. पण शनिवारी कोट घालून माझ्या दारात उभे. ‘‘ड्राइव्ह कराल?’’

बैठकीत एक अंगाईगीत चाललं होतं. मध्येच ते कडवं आलं. सगळ्यांना पाठ. फक्त पाण्याची कॉफी झाली होती. एकनाथरावांनी बॅन्जो मांडीवर आडवा ठेवला.

विल्मा त्यांच्याकडे वाकली. ‘‘हे येत नाही वाटतं तुम्हाला? फार जुनं आहे. माझी आजी म्हणायची.’’

थाप नव्हती, तिला खरंच तसं वाटत होतं. मी तोंड उघडलं.

‘‘राहू द्या, वहिनी,’’ एकनाथराव मराठीत म्हणाले. मग तिला म्हणाले, ‘‘शिकवता?’’

ती सावकाश, एकेक ओळ सांगत गेली. एकनाथराव मागून म्हणत गेले. पहिल्या खेपेला त्यांच्या तोंडून पाणीच आलं. विल्माने चूक दाखवली.

दुसऱ्या खेपेला त्यांनीही कॉफी म्हटलं.