बॅटरी आणि चार्जरसह

लॅपटॉप आणायला निघाले तेव्हा नवऱ्याने मला तीन ओळींची चिठ्ठी दिली होती. वजन कमी. बॅटरी जास्त. पडदा डोळ्यांना सोसेल असा. अक्षर वाकडंतिकडं होतं. पाठीच्या कण्यातल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना बसता येत नव्हतं, हात थरथरायचा, पेन धरवत नव्हतं. पण बोटाने कळ दाबता येत होती. गुडघे उभे करून, छाती-पोटावर यंत्र ठेवून त्यांना लिहायचं होतं. ते मूळचे तळवलीचे. वडील खाडीकाठच्या मिठागरात काम करायचे. ते सगळं त्यांनी वहीत लिहायला घेतलं होतं आणि अकराव्या पानावर हात थांबला होता. बाकीचं त्यांच्या डोक्यात तयार होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की फार दिवस नाहीत.

वाशीच्या दुकानात मालकाने चिठ्ठी हातात घेतली, पण वाचली नाही. मीच सांगितलं, नवरा आजारी आहे, पडल्या पडल्या वापरणार, वजनाला हलका हवा.

"वजन? मॅडम, कांदे-बटाटे घेताय का?"

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्याला जोर आला.

"स्पीड बघा, रॅम बघा. पेंटियम आहे. सीडी ड्राइव्ह आत, स्पीकर आत. काका पडल्या पडल्या गाणी ऐकतील. टेन्शन नाय."

काका एकोणपन्नास वर्षांचे होते.

"हलका मिळतच नाही का?"

"मिळतो ना. मागवायला लागतो, पंधरा दिवस. कशाला थांबता?"

मी कॉलेजात ग्रंथपाल. दिवसभर लोक मला विचारून पुस्तकं घेतात. त्या काउंटरपुढे मात्र मला रॅम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आणि ते कोणाला कळू नये एवढीच माझी धडपड होती. मी चिठ्ठीची घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि त्याने पुढे केलेला लॅपटॉप घेऊन आले.

घरी तो त्यांच्या छातीवर ठेवला. पहिलं वाक्य पुरं झालं नाही.

"काढ गो," ते म्हणाले. "छातीवर कोन बसल्यावानी वाटतं."

आजारपणात गावची बोली त्यांच्या तोंडी परत आली होती. मग मी दोन्ही हातांनी यंत्र वर धरून उभी राहायला लागले. ते दोन शब्द टिपायचे, माझ्या दंडांकडे बघायचे. "ऱ्हाऊ दे. हात दुखतील तुजे." तिसऱ्या दिवशी त्यांनी नकोच म्हटलं.

मी बदलून मागायला गेले. "खोका उघडला की माल तुमचा, मॅडम," तो म्हणाला. "काका बरे होऊन मांडीवर घेतील ना, तेव्हा काही वजन नाही वाटणार."

लॅपटॉप घरी आल्यापासून ते सात आठवडे जगले. मी हलक्यासाठी पंधरा दिवस थांबले असते तर त्यांना लिहायला पाच आठवडे उरले असते. हे मी किती वेळा मोजलं असेल, सांगता येणार नाही.

पुढचं वर्षभर मी फक्त लॅपटॉपबद्दल वाचलं. ग्रंथालयात येणारी संगणकाची मासिकं, माहितीपत्रकं, त्यांच्या तळाची बारीक अक्षरं. माहितीपत्रकात छापलेलं वजन बरेचदा बॅटरी काढून केलेलं असतं, हे मला तिथे कळलं. त्याच वर्षी कॉलेजला गावोगावच्या शाळांत संगणक दाखवायला दोन लॅपटॉप घ्यायचे ठरलं. खरेदी समितीत प्राचार्यांनी माझं नाव घातलं. "तुम्ही वाचता, तुम्हीच लिहा काय काय हवं ते."

मी लिहिलं. प्रोसेसर, मेमरी, हार्ड डिस्क, सगळं रीतसर. चौथी ओळ अशी: वजन बॅटरी व चार्जरसह अडीच किलोपेक्षा जास्त नसावे, समितीसमोर तोलून पाहिले जाईल. ओळ खोटी नव्हती. शिक्षकांना ते ओझं खांद्यावरून तळवली, दिघ्यापर्यंत न्यायचं होतं. पण लिहिली मी वाशीच्या त्या दुकानदारासाठी. त्याच्या दुकानातही कागद जाईल याची मी काळजी घेतली. माझा सगळा भरवसा एकाच गोष्टीवर होता: हा माणूस हातात दिलेला कागद वाचत नाही.

समितीपुढे तो टाय लावून आला. मला ओळखलं नाही. प्रोसेसरबद्दल बोलला, रंगांबद्दल बोलला, स्पीकरवर गाणं वाजवून दाखवलं. प्राचार्य खूश दिसले. मी शिपायांना खूण केली. त्यांनी फाटकाजवळच्या भाजीवाल्याकडून मागून आणलेला तराजू टेबलावर ठेवला. पारड्यात कांद्याची सालं चिकटलेली होती. ती मी पुसू दिली नव्हती.

तो हसला. "मॅडम, हे काय, कांदे-बटाटे घेताय का?"

तोच सूर, तोच हात उडवणं. ते वाक्य त्याने त्या दिवशी खास माझ्यासाठी टाकलं नव्हतं. तो ते सगळ्यांनाच टाकत असणार. याचा मला जास्त राग आला.

एका पारड्यात दोन किलोचं आणि अर्ध्या किलोचं वजन. दुसऱ्यात लॅपटॉप, बॅटरी, चार्जर. लॅपटॉपचं पारडं टेबलाला टेकलं.

"सांगायचं ना मॅडम आधी," तो म्हणाला.

"लिहून दिलं होतं."

त्याने कागद उलटसुलट केला, चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "खरंच की," म्हणाला, आणि वायरी गोळा करायला लागला. मला त्याच्या चेहऱ्यावर आणखी काहीतरी बघायचं होतं. ते दिसलं नाही.

दुसऱ्या दुकानाचे लॅपटॉप आले. तपासायचा म्हणून त्यातला एक मी एका शनिवारी दुपारी घरी नेला. पलंगावर नवऱ्याच्या जागेवर आडवी झाले, गुडघे उभे केले आणि यंत्र छातीवर ठेवलं. श्वास घेता येत होता. सावकाश, पूर्ण घेता येत होता. मी बराच वेळ तशीच पडून राहिले.

मग उठले आणि पुढच्या वर्षीच्या खरेदीचा कागद काढला. चौथी ओळ तशीच ठेवली. फक्त अडीच खोडून दोन केलं.