वकीलसाहेब जेवले काय?

“देवाला स्मरून सांगा, हे तेल आजचं की कालचं?”

कोर्टासमोरच्या हॉटेलात पाऊल टाकलं की वकीलसाहेब आधी काळा कोट खुंटीला अडकवत आणि मग उजव्या हाताचं बोट वर करून मालकाला हा प्रश्न विचारत. मालक कढईसमोरून न उठता झारा हलवत सांगे, “आजचंच हाय साहेब. फक्त कालच्यात ओतलं.”

“नोंद घ्या,” साहेब माझ्याकडे वळत, “साक्षीदार फुटला.” आणि बाकावर बसून एक प्लेट भजे मागवत.

मी त्यांचा ज्युनिअर. म्हणजे फायली वाहायच्या, तारखा मागायच्या आणि दुपारी हॉटेलात साहेबांचं पथ्य डोळ्यांनी पाहायचं. महाराष्ट्र नुकताच झाला होता. बुलढाण्यातल्या कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलत होत्या. हॉटेलातलं तेल तेवढं आधीच्या राज्यातलं असावं.

साहेबांना साखरेचा आजार होता, रक्तदाबही होता. डॉक्टरांनी तळलेलं आणि गोड दोन्ही बंद केलं होतं. घरी त्यांच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या, राज्यात फुलका आणि दुधीभोपळा याशिवाय काही मिळत नसे, त्यामुळे साहेबांचा सगळा युक्तिवाद हॉटेलात चाले. डॉक्टरांचा हुकूम ते मोडत नसत. त्याचा अर्थ लावत.

“तळलेलं म्हणजे काय? कढईतून निघून थेट तोंडात गेलेलं. हा भजा कढीत बुडवला की झाला तो पाण्यातला पदार्थ.”

मिसळ मागवताना ते बजावून सांगत, “तर्री वेगळ्या वाटीत. मला तेल वर्ज्य आहे.” वाटी समोर यायची, मिसळ संपत यायची, आणि मग अन्न टाकणं हे पाप आहे या मुद्द्यावर वाटी पालथी व्हायची. चहा मात्र बिनसाखरेचा. त्याच्यासोबत बालुशाही घेत, कारण चहात वाचवलेली साखर कुठेतरी जमा व्हायला हवी. असे पथ्यवाले तुम्हीही पाहिले असतील, पण आमच्या साहेबांसारखं कलमवार पथ्य मोडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग एक दिवस भर कोर्टात उलटतपासणी करता करता ते छाती धरून खाली बसले. न्यायाधीशांनी स्वतः पाणी मागवलं. संध्याकाळी डॉक्टर एवढंच म्हणाले, “वकीलसाहेब, आता अर्थ लावू नका.”

त्या वाक्याने माणूस बदलला. दुसऱ्या आठवड्यात हॉटेलात शिरल्या शिरल्या त्यांनी ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ आणि ताक मागितलं. मालकाने झारा खाली ठेवला. “साहेब, आमच्यावर नाराज हाय काय?” साहेब हसले आणि ताक प्याले. मला त्यांचा अभिमान वाटला. हॉटेलात बसून, समोर कढई उकळत असताना, मनापासून ताक मागवणं हे काही ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

पण आमच्या कोर्टाचा एक न लिहिलेला कायदा होता. निकालाच्या दिवशी पक्षकाराने आपल्या वकिलाला हॉटेलात खाऊ घालायचं आणि गावाहून आलेल्या सगळ्या मंडळींनी ते पाहायचं. वकील पोटभर जेवला म्हणजे केस भक्कम. ताटात अन्न टाकलं म्हणजे आरोपीची वळकटी बांधा. आवारातल्या निंबाखाली बसलेली माणसं आत काय युक्तिवाद झाला हे विचारत नसत. विचारत, “वकीलसाहेब जेवले काय?” समोरच्या बाजूचे वकील हे ओळखून होते. हरणाऱ्या केसमध्येही ते दोन्ही हातांनी जेवून ढेकर देत, आणि त्यांची वकिली त्या ढेकरेबरोबर वाढत होती.

आमच्याकडे ताक आलं आणि पक्षकार गळू लागले. नांदुऱ्याच्या एका अडत्याने तर कागदच परत मागितले. “साहेब, तुमी ताक पिऊन राह्यले. मंग आमचं काय उरलं?” साहेबांनी कागद दिले, पण भज्यांना हात लावला नाही.

आणि मग रोहिणखेडच्या म्हाताऱ्याचा दिवस आला. वांगी, मिरची पिकवणारा साधा माणूस. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून मारामारी झाली होती आणि याच्या एकुलत्या एका पोराच्या काठीने समोरच्याचं डोकं फुटलं होतं. निकालाच्या सकाळी कोर्टाची पायरी चढताना साहेब मला हळूच म्हणाले, “काही उरलेलं नाही. शिक्षा होणार. पण निकालाआधी बापाला सांगू कसा?”

हॉटेलात म्हाताऱ्याने भज्यांची रास आधीच मांडून ठेवली होती. साहेब म्हणाले, “आज नको बाबा, मला पथ्य आहे.”

म्हाताऱ्याचा प्लेट सरकवणारा हात तिथेच थांबला. “काऊन साहेब? पोरगं जाते काय माह्यं?”

मागे त्याची बायको पदर तोंडाशी धरून उभी होती. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, प्लेट पुढे ओढली आणि खायला लागले. तेल आजचं की कालचं, काही विचारलं नाही. शेवटचा भजा संपेपर्यंत खाल्लं आणि मालकाला मोठ्याने म्हणाले, “झकास!” मला त्यांचा संताप आला होता आणि रडूही येत होतं. जन्मभर खोटे साक्षीदार पकडणारा हा माणूस भरल्या तोंडाने खोटी साक्ष देत होता. पण म्हातारा-म्हातारी सकाळपासून उपाशी होती, तीही मग दोन घास जेवली.

दुपारी निकाल लागला. पोराला शिक्षा झाली, पोलिस त्याला घेऊन गेले. साहेब आत बसून बांधलेली फाईल पुन्हा पुन्हा बांधत राहिले. बाहेर आलो तर पायरीवर म्हातारा उभा. मला वाटलं, आता हा तोंड सोडणार. त्याने साहेबांचा दंड धरला आणि सगळ्या आवारादेखत त्यांना परत हॉटेलात नेलं.

“मालक, साहेबाले ताक द्या.”

मग बाकावर शेजारी बसून म्हणाला, “तुमाले सकाळीच ठावं होतं ना?”

साहेबांनी होकारार्थी मान हलवली.

“आन तरी खाल्लं! पोरगं तं गेलं साहेब. आता वरच्या कोर्टात कोन जाईन? तुमाले जगा लागते.”

प्रत्येक हुकमाचा अर्थ लावणाऱ्या साहेबांना याचा दुसरा अर्थ लावता आला नाही. ते ताक पीत राहिले आणि डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. ते पुसायचीही त्यांनी तसदी घेतली नाही.

त्यानंतर त्यांनी पथ्य मोडलं नाही. अपिलाचे सगळे कागद त्यांनी स्वतः तयार केले. पण नागपूरला तारीख लागली तेव्हा साहेब नव्हते. झोपेतच गेले. भज्यांवर आरोप ठेवावा, एवढा पुरावा माझ्याकडे नाही.

अपिलात मी उभा राहिलो. पोरगा पुढे सुटला, पण तारखेच्या सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सुनावणीआधी म्हातारा आणि मी कोर्टाबाहेर एका झाडाखाली बसलो. त्याने फडक्यातून भाकरी आणि वांग्याची भाजी काढून मध्ये ठेवली. त्याला धीर यावा म्हणून मी घाईघाईने मोठा घास मोडला. त्याने माझा हात धरला.

“तसं नका खाऊ साहेब. भूक असन तं घ्या.”

मला भूक नव्हती. मी घास खाली ठेवला, आणि आत पुकारा होईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.