कागदी पत्रावळ

"बाबा, स्पुटम पॉझिटिव्ह आलंय," परभणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. स्पुटम म्हणजे बेडका. माझ्या बेडक्यात टीबीचे जंतू निघाले. दोन महिने खोकत होतो आणि तंबाखूला शिव्या देत होतो.

मी पूर्णेला रेल्वेत गँगमन होतो. शाळा चौथीपर्यंत. पण बाईंचं बोलणं नीट ऐकलं, तुम्हीही ऐका. "गोळ्या सहा महिने, एक दिवस चुकवायची नाही. अंडी, डाळ, पोटभर जेवण. हा आजार खोकल्यातून पसरतो, ताटातून नाही."

पंधरा दिवस वॉर्डात काढले. आमच्या मंडळीतले लोक भेटायला आले. तोंडाला रुमाल, हातात केळी, दारातूनच प्रार्थना. आमेन म्हणायच्या आत जिन्यावर!

दोन महिन्यांनी बेडका परत तपासला. निगेटिव्ह. "आता तुमच्यापासून कुणाला धोका नाही," बाई म्हणाल्या.

त्या रविवारी चर्चला गेलो. येशू पापी लोकांच्या पंगतीला कसा बसला, ते पाळकसाहेब लय रंगून सांगत होते. उपासनेनंतर आमच्यात सगळे मिळून जेवतात, त्याला प्रीतिभोजन म्हणतात. सगळ्यांना स्टीलची ताटं. मला लिंबाखाली वेगळी खुर्ची आणि कागदी पत्रावळ. वाढणारा हातभर उंचावरून वरण सोडत होता. असली यांची प्रीती!

"काका, तुमच्याच काळजीपोटी," चर्चचा कारभार बघणारे पंच हसून म्हणाले. पत्रावळ तिथंच ठेवली आणि घरी आलो.

घरी मी एकटाच. रागात त्या दिवसापासून चूल पेटवली नाही. चहा आणि गोळ्या, बस्स. पुढच्या खेपेला वजन दोन किलो उतरलेलं. "पोटात अन्न नसेल तर अंगात ताकद कुठून येणार? मरायचंय का?" बाई ओरडल्या. मरेन, पण त्या लोकांचं खाणार नाही, असं मनात पक्कं होतं.

दुसऱ्या दिवशी रूथबाई आली. माझ्या गँगमधल्या याकोबाची विधवा. तो टीबीनंच गेला. तिनं भाकरी, पिठलं, दोन अंडी माझ्याच ताटात काढली आणि त्याच ताटातून पहिला घास स्वतः खाल्ला.

"दया करायला आलीस?"

"दया कशाची, मला भूक लागलीय. आन एक सांगू का दादा? कागदी पत्रावळीचा कायदा कुणी काढला, ध्यानात हाय का? माझ्या माणसाला पहिली पत्रावळ तुमीच दिली व्हती."

ध्यानात होतं. तेव्हा पंच मी होतो. पत्रावळींचा गठ्ठा मोंढ्याच्या बाजारातून मीच आणला होता. ज्यांच्या नावानं थुंकत होतो, त्यांचा गुरू मीच निघालो. ती मात्र त्याच ताटात जेवत राहिली. मीही जेवलो.

पुढच्या रविवारी तो उरलेला गठ्ठा मी चर्चच्या चुलीत घातला. पंच धावत आले. म्हटलं, "मीच आणला व्हता, मीच जाळला. तुमी कोण इचारणारे?"

रूथबाईची माफी मागायला जीभ वळली नाही. वरणाची बादली उचलली आणि आधी तिच्या ताटात वाढलं. मग तिच्या शेजारी बसलो. सहा महिने पुरे केले, बरा झालो.

तुमच्यातलं कुणी आजारातून उठून आलं, तर त्याच्या शेजारी बसून जेवा. जमत नसेल तर केळीही आणू नका.