बगळ्याचे राखणदार

नोकरीतले किस्से कुणी ठरवून साठवत नाही. ओट्याखालच्या कप्प्यात झाकणं हरवलेले डबे साठतात, तसे ते साठतात. एके दिवशी काहीतरी शोधायला आपण वाकतो आणि सगळे खडखडत बाहेर येतात.

माझे बहुतेक वेळा सिंगापूरमधल्या बुकित तिमाहला बाहेर येत. तिथल्या एका मैत्रिणीच्या कॉंडोत आम्ही मराठी मंडळी अधूनमधून जेवायला जमायचो. कुणी बँकेत, कुणी अकाउंट्समध्ये, कुणी आयटीत. नवीन माणूस आला की विचारायचा, "आणि तुम्ही काय करता?"

"मी बगळा सांभाळते," मी म्हणायचे.

आमची कंपनी चहा-पाण्याचे फ्लास्क बनवायची. जुनी कंपनी. फ्लास्कवर निळ्या गोलात एका पायावर उभा असलेला पांढरा बगळा. तो आमचा ट्रेडमार्क. त्याची कुणी नक्कल करू नये म्हणून तीन माणसांचा एक विभाग होता. प्रमुख मिसेस टान, साठीच्या आसपासच्या, कमी बोलणाऱ्या. बाजारात फिरून नकली माल हुडकणारा राजन, इथलाच तमिळ. आणि मी, माधवी. नवऱ्याची चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी आणि माझी वकिलीची पदवी घेऊन पुण्याहून आलेली. आम्ही राहायचो त्या पुंगोलला तेव्हा एलआरटी, म्हणजे उंचावरून धावणारी छोटी रेल्वे, नवीनच सुरू झाली होती, इमारतींमधून अजून रिकामं आकाश दिसायचं आणि मी रोज सकाळी त्या लहानशा गाडीतून तरंगत ऑफिसला निघायचे.

ऑफिसच्या खिडकीखाली कालवा होता. त्यात दुपारी खरे बगळे येऊन उभे राहायचे. तासन् तास, हलायचे नाहीत. राजननं पहिल्याच दिवशी मला ते दाखवले आणि गंभीरपणे म्हणाला, "हे सगळे विनापरवाना."

* * *

त्याच दिवशी मिसेस टाननी माझ्यासमोर दोन फ्लास्क ठेवले आणि यातला आपला कुठला, असं विचारलं.

मी दोन्ही हातांत घेऊन पाहिले. एकावरचा बगळा जरा बोजड होता, दुसऱ्यावरचा सुरेख. मान नाजूक, निळा रंग गहिरा. मी सुरेख उचलला.

मिसेस टान उठल्या. पॅन्ट्रीत जाऊन त्यांनी दोन्ही फ्लास्क उकळत्या चहानं भरले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले. दिवसभर मी ट्रेडमार्कचा कायदा वाचत बसले होते. एखाद्या कंपनीची खूण दुसऱ्यानं का वापरू नये यावर त्यात पानंच्या पानं होती. माझं अर्धं लक्ष त्या दोन पक्ष्यांकडे आणि अर्धं कालव्यातल्यांकडे.

संध्याकाळी त्या आल्या, दोन कप भरले. बोजड बगळ्याच्या चहानं जीभ पोळली. सुरेख बगळ्याचा चहा पाण्यासारखा निवून गेला होता.

"गिऱ्हाइकाला हा फरक संध्याकाळी कळतो," त्या म्हणाल्या. "दुकानात त्याला फक्त पक्षी दिसतो."

ती पानंच्या पानं मला पुढे कधी नीट आठवली नाहीत. हे वाक्य आठवतं.

* * *

राजनला एका हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या स्टॉल्सच्या बाजारात, आमचा बगळा सापडला. कॉफीच्या एका स्टॉलच्या पाटीवर, हुबेहूब, निळ्या गोलासकट. स्टॉल एका वयस्कर अंकलचा होता. त्यांच्या घरी आमचाच फ्लास्क होता, बायकोला त्यावरचं चित्र आवडायचं, म्हणून त्यांनी ते स्वतःच्या हातानं रंगवलं होतं. वाईट हेतू कसलाच नव्हता.

मला वाटलं, सोडून द्यावं. मिसेस टान म्हणाल्या, या अंकलना सोडलं, की उद्या एखादा मोठा कारखानदार कोर्टात उभा राहून विचारेल, तेव्हा कुठे होतात? आपली वस्तू आपणच सांभाळली नाही, तर ती आपली होती हे कोर्टाला पटवायचं कशाच्या जोरावर?

नोटीस न पाठवता त्या स्वतः गेल्या. आम्ही दोघं मागे. अंकलनी तिघांना कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, की पाटी काढावीच लागेल का? बगळा दिसला नाही म्हणजे झालं, असं मिसेस टान म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही पाहायला गेलो. अंकलनी चित्र पुसलं नव्हतं. बगळ्याच्या पोटापर्यंत त्यांनी निळंशार पाणी रंगवलं होतं. पाय पाण्याखाली गेले होते, मान थोडी आखूड केली होती आणि चोच चपटी. झकास बदक झालं होतं. स्टॉलही आता बदकाचा स्टॉल म्हणून ओळखला जाऊ लागला होता. दुपारच्या उन्हात ते पाणी खरंच हलल्यासारखं दिसायचं. मी नंतर कितीदा तरी तिथे नुसती कॉफीचा ग्लास घेऊन ते बघत बसले आहे.

काही महिन्यांनी अंकलचा मिसेस टानना फोन आला. बदक छाप सॉस बनवणाऱ्या एका कंपनीची नोटीस आली होती.

"मॅडम," अंकलनी विचारलं, "पाणी अजून वर आणू का?"

* * *

सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा मी ऑफिसमधून त्यांच्यासाठी एक फ्लास्क आणला. त्यांना पहाटे उठून बाल्कनीत बसायची सवय. समोर पुंगोलचं पाणी, धुकं नसूनही धूसर. त्यात मांडीशी फ्लास्क घेऊन त्या चहा पीत बसायच्या. आधी म्हणाल्या होत्या, "बगळा? आपल्याकडे ढोंगी माणसाला म्हणतात ते." आठवड्यात बगळ्यावाचून त्यांचं पान हलेना. "माधवी, बगळा भरलास का?" "बगळ्याचं बूच कुठे गेलं?"

हीच तर आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी भीती. नकली मालाला पकडता येतं. पण लोक सगळ्याच फ्लास्कना बगळा म्हणायला लागले, तर ते नाव आपलं उरत नाही. ते भाषेचं होतं आणि भाषेवर दावा लावता येत नाही. मिसेस टानची सक्त शिस्त होती. ऑफिसात कुणी नुसतं बगळा म्हणायचं नाही, बगळा छाप फ्लास्क म्हणायचं.

मी सासूबाईंना हे समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. माझी सहा वर्षांची सई रोज त्यांना सुधारायची, "आज्जी, it's called a flask, lah." त्या हसून मान हलवायच्या आणि परत बगळा म्हणायच्या.

जाताना फ्लास्क सोबत घेऊन गेल्या. महिन्याभरानं त्यांचा फोन आला. आवाज हळवा झाला होता.

"अगं, कामवालीच्या हातून बगळा फुटला. फार चुटपुट लागली मला."

मी म्हटलं, दुसरा पाठवते.

"नको, कशाला? इथे कोपऱ्यावरच मिळाला. वेगळ्या कंपनीचा आहे, पण बगळा चांगलाय."

हे मी मिसेस टानना अजून सांगितलेलं नाही.

* * *

एकदा एका गोदामावर छापा पडला आणि नकली फ्लास्कचे ढीग हाती लागले. केस संपली, माल नष्ट करायचा हुकूम झाला. तो आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होतो की नाही, हे पाहायला कंपनीचं माणूस हजर असावं लागतं. नाहीतर तोच माल मागच्या दारानं बाजारात येतो. आम्ही तिघंही गेलो.

समुद्राजवळचं मोकळं आवार होतं. कामगारांनी टोपणं आणि बुचं वेगळी काढून फ्लास्क ओळीनं उभे करून ठेवले होते. ओळींमागून ओळी. उघड्या तोंडाचे, प्रत्येकावर एक पांढरा पक्षी. शेजारी बुलडोझर तयार होता. ढगाळ दुपार, वारा अजिबात नव्हता.

मग समुद्राकडून एक झुळूक आली आणि ते सगळे फ्लास्क वाजायला लागले.

शंखात ऐकू येतो तसला आवाज. आधी पुढच्या ओळीतून, मग मागच्या, मग सगळीकडून एकदमच. वारा वाढला की तो चढायचा, पडला की उतरायचा. बुलडोझरच्या ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. राजननं डोक्यावरची टोपी का काढली, ते त्यालाही सांगता आलं नसतं. कामगार होते तिथेच खाली बसले. सगळं आवार पाण्याखाली गेल्यासारखं वाटत होतं आणि आम्ही तळाशी उभे.

शेवटी सगळे मिसेस टानकडे पाहायला लागले.

"गाणं खरं आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पक्षी खोटा आहे. सुरू करा."

* * *

आणि मिसेस ओंग.

एका दुपारी रिसेप्शनवरून फोन आला, की कुणी आजी आल्या आहेत, बगळ्याबद्दल बोलायचंय म्हणतात. लहानखुऱ्या, पांढरा ब्लाउज, हातात छत्री. त्यांचे यजमान आमच्याच कंपनीत विक्रेते होते. दारोदार फिरून फ्लास्क विकायचे. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि नुकतेच वारले होते. त्यांच्या अस्थी इथल्या पद्धतीप्रमाणे ज्या कोनाड्यात ठेवल्या होत्या, त्याच्या संगमरवरी पाटीवर मिसेस ओंगना बगळा कोरून घ्यायचा होता. त्यासाठी परवानगी मागायला त्या आल्या होत्या.

लग्न झालं तेव्हा त्यांनी हौसेनं उशीच्या अभ्र्यावर बगळा भरायला घेतला होता. यजमानांनी थांबवलं होतं. कंपनीला विचारल्याशिवाय नाही, म्हणाले होते. अभ्रा तसाच राहून गेला होता.

राजननं मला बाजूला घेऊन सांगितलं, की याला परवानगी लागतच नाही. तिथे कुणी फ्लास्क विकत नाही, कुणाची फसगत व्हायची नाही. मलाही तसंच वाटत होतं. मी मिसेस टानना तसं म्हटलं.

"त्यांनी लागते का असं विचारलेलं नाही," मिसेस टान म्हणाल्या. "त्यांनी परवानगी मागितली आहे. करारनामा टाइप कर."

आम्ही कारखानदारांशी करतो तसाच करारनामा मी उघडला. मिसेस ओंग माझ्या टेबलाशी बसल्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मिसेस टान माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून एकेक कलम सांगत होत्या. खूण कुणाला वापरायला दिली, तिथे मिस्टर ओंग यांचं पूर्ण नाव. कशावर, तर एका संगमरवरी पाटीवर. चित्र अधिकृत नमुन्याबरहुकूम हवं, चोचीच्या कोनासकट. कंपनीला तपासणीचा अधिकार राहील.

"तपासणी?" मी विचारलं.

"करायची ना. आपण जाऊ."

मुदतीच्या कलमाशी मी थांबले. त्या म्हणाल्या, कायम लिही. मी लिहिलं. खाली खूण कुठल्या प्रदेशात वापरता येईल ते कलम होतं. तिथे मी सवयीनं सिंगापूर टाइप केलं.

मिसेस ओंगना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण माझं बोट स्क्रीनवर कुठे थांबलं ते त्यांनी पाहिलं असावं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. मिसेस टाननी त्यांना चिनीत सांगितलं. मिसेस ओंगनी मान डोलावली, थोडा वेळ खिडकीबाहेर पाहिलं आणि हळू आवाजात काहीतरी बोलल्या.

मी मिसेस टानकडे पाहिलं.

"म्हणतात, मिस्टर ओंगकडे विक्रीसाठी फक्त कटॉंगचा एवढासा एरिया होता. मोठा एरिया मिळावा असं फार वाटायचं. कितीदा मागितला. कंपनीनं दिला नाही."

मिसेस टाननी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग वाकून माझ्या स्क्रीनकडे पाहिलं.

"सिंगापूर काढ," त्या म्हणाल्या.

मी काढलं. "मग काय लिहू?"

"काही नको. मोकळं सोड."