मिनाची दोन मेलेली माणसं

कणीक मळून झाकली होती, नवऱ्याचा, हरीशचा, डबा अर्धा भरला होता, तेवढ्यात कडी वाजली. दारात मिना. पायात चप्पल नाही, दप्तर मात्र छातीशी घट्ट.

मिना कळमनुरीजवळच्या तांड्यावरची. दोन वर्षं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. तिच्यामुळेच माझी बी.ए.ची जुनी टिपणं पेटीबाहेर आली. आज दुपारी दोनला तिचा शेवटचा पेपर.

"काकू, तुलनेचा प्रश्न नक्की येणार," ती ओट्याशीच बसली. "दोन अमेरिकन गोष्टींतली दोन माणसं. एक बर्फात एकटाच निघालेला. दुसरी, आपल्याच गावानं मारलेली बाई."

"जास्त अभागी कोण?"

"बर्फातला लिहिला होता. मरताना जवळ कोणी न्हाई म्हणून." तिनं वहीतलं वाक्य खोडलं. "चुकलं. त्याला माघारी फिरता येत होतं. बाईच्या भोवती सगळी घरचीच. ती कुठं जाईल?"

तिचे डोळे सुजलेले होते. विचारलं, तेव्हा सांगितलं.

ऊसतोडीला कोयता म्हणजे दोघांची जोडी. तिचे आईवडील, नानीबाई आणि हरिचंद, वीस वर्षं एक कोयता. परवा नानीबाईचा हात मोडला. मुकादम एकट्याला नेत नाही. भाऊ देविदास पोलीस भरतीसाठी पळतो, त्याला कोणी विचारलंही नाही. काल रात्री ठरलं, मिना जाईल. ट्रक आज दुपारी बाराला वारंगा फाट्यावरून निघणार.

"पेपरचं माहीत नाही त्यांना?"

"हाय की. बा म्हणला, पेपर दरसाल येतो, कारखाना थांबत न्हाई. देविदास म्हणतो, तुझं इंग्रजी उसाला ऐकव."

"मी बोलते हरिचंदशी."

"तुमच्यासमोर व्हय म्हणंल, अन् बाहेर पडलं की गाडीत बसवंल." ती अजिबात रडत नव्हती, त्याचीच मला भीती वाटली. "मी जाणार न्हाई असं न्हाई, काकू. मुकादमाला फोन केलाय. बा आज पुढं जाईल, मी पेपर देऊन एस्टीनं मागून जाते. उद्या सकाळी बराबर उसाच्या फडात असंन. मुकादम व्हय म्हणला. बालाच पटंना. एकदा कॉलेजात गेली की ही येत न्हाई, म्हणतो."

"मग आता?"

"मला हुडकत तो इकडंच येऊन राहिला."

बाहेर मोटारसायकल थांबली. मिना वही घेऊन आतल्या खोलीच्या दारापाशी गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, मिना इथं आली न्हाई, एवढं सांगा."